समोरच्या काचेला दोन माणसं

हे कुणाला सांगायचं नाही, असं काकूने मला बजावलंय. "बाहेर ब्र काढलास तर बघ," म्हणाली. मी तशीही फारशी बोलत नाही. म्हणून लिहितेय. लिहायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती.

माझे काका जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतात. हात चांगला आहे, जीभ वाईट. त्यांच्या मते जगात दोन प्रकारचे मेकॅनिक असतात: एक ते स्वतः, आणि दुसरे गाढव.

गोल दिव्यांची ती हिरवी गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा अर्धीच झालेली होती. एक म्हातारा मेकॅनिक चार वर्षं तिच्यावर खपत होता, आणि काम पुरं व्हायच्या आत वारला. एकेक भाग त्याने कागदात गुंडाळून ठेवला होता आणि कागदावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'पुढचा बंपर. आधी सगळे बोल्ट सैल ठेवावे, ओळ बघावी, मग आवळावे.' 'डावा दिवा. हात धुऊन मगच आतल्या आरशाला हात लावावा.'

"हात धुऊन!" काका खो खो हसले. "गाडी करत होता की बाळंतपण?"

म्हाताऱ्याला चार वर्षांत जमलं नाही ते चार आठवड्यांत करतो, असं त्यांनी गाडीच्या मालकाला छाती ठोकून सांगितलं होतं. आसपासच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनाही ऐकवून झालं होतं. बंपर बसले, दिवे लागले, दारांची रबरं बसली. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. सहज निघाली तर रबर सैल. काकांची एकही पट्टी निघाली नाही. "मुंगीचा श्वाससुद्धा आत जायचा नाही," ते म्हणाले. ती रबरं म्हाताऱ्याने मापात कापून ठेवलेली होती, हे मात्र ते बोलले नाहीत.

राहिली समोरची काच. दोन्ही कडांना वाकवलेली, आणि तशी दुसरी आता कुठेच मिळत नाही. तिला तडा गेला असता तर गाडी कायमची आंधळी राहिली असती, आणि ज्यांना काका गाढव म्हणत तेच त्यांना हसले असते. काका जगात फक्त हसण्याला घाबरतात. त्या दिवशी ते सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते.

काचेच्या कागदावर लिहिलं होतं, 'दोन माणसं. एकट्याने करू नये.'

कारण काम असं असतं: काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने गाडीत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. दुसऱ्याने बाहेरून, दोरी जिथे पोचली असेल नेमकं तिथेच, तळव्याने काच दाबायची.

"अहो, पोरीला तरी घ्या सोबत," काकू म्हणाली.

"हिला? हिच्या तोंडावरची माशी हलत नाही. मी दाब म्हणेन आणि ही उभी राहील खांबासारखी."

म्हाताऱ्याच्या कागदाला त्यांनी बोटांचं ग्रीस पुसलं, त्याचा बोळा करून फेकला, आणि शटर खाली ओढून आतून कडी घातली. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पुढचं त्यांनी फक्त काकूला सांगितलं, आणि दाराआड मी गणितं सोडवत होते.

काच चिकटपट्ट्यांनी जागेवर टेकवून ते गाडीत बसले. काच फेसाने पांढरी झालेली, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पहिला कोपरा सुरळीत चढला. दुसऱ्याला दोरी अडली. त्यांनी जरा जोर लावला, तशी काच कुरकुरली... दातांखाली खडा यावा तशी. आता ओढावं तर तडा, सोडावं तर रबर निसटणार. काका तसेच दोरी धरून बसले. घाम डोळ्यांत उतरला.

आणि बाहेरून थाप पडली. मऊ, तळव्याची. अडलेला कोपरा जागेवर बसला.

"आलीस का शेवटी?" काका ओरडले. "डावीकडे दाब. अगं, डावीकडे!"

थाप डावीकडे गेली. मग खाली. दोरी पुढे सरकायच्या आधीच थाप तिथे पोचलेली असायची, आणि काकांना आता फक्त ओढायचं होतं.

"हळू..." ते म्हणाले.

शेवटचा कोपरा चढला आणि दोरी सुटून मांडीवर पडली. थापा थांबल्या.

"कोण... तू आहेस का गं?"

फेस हळूहळू ओघळला. पलीकडे शटर होतं, शटरला आतून घातलेली कडी होती, आणि माणूस कुणी नव्हतं.

"मदतच केली ना कुणीतरी," काकू म्हणाली. "मग बिघडलं कुठे?"

काकांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "तेव्हा बाहेर होता."

तेव्हापासून रोज सकाळी काचेवर आतून वाफ दिसते. सगळीकडे नाही, फक्त चालवणाऱ्याच्या जागेसमोर, तोंडाएवढा गोल. काका पुसतात, दारं लावतात, किल्ली खिशात ठेवतात. दुसऱ्या दिवशी गोल असतोच.

उद्या मालक येणार. त्याआधी पाण्याची परीक्षा व्हायला हवी. एकाने बाहेरून नळीने पाणी मारायचं, दुसऱ्याने दारं लावून आत बॅटरी घेऊन बसायचं आणि कुठे थेंब झिरपतो ते बघायचं. आत बसायचं काम काका नेहमी स्वतःच करतात, दुसऱ्याचे डोळे त्यांना चालत नाहीत. आज गाडी ढकलत अंगणात आणलीय, आणि नळी त्यांनी स्वतःच्या हातात घेतलीय. आत बसायला काकू नाही म्हणाली.

"बाळ, जरा इकडे येतेस का?" ते अंगणातून हाक मारताहेत. बाळ! आजवर खांब होते. भित्रा माणूस एवढा गोड बोलतो हे मला माहीत नव्हतं. आले म्हटलंय मी, पण खिडकीतून गाडी दिसतेय, चारही दारं बंद आहेत, आणि काचेवरचा तो गोल आत्ता माझ्यादेखत लहान होतोय, मग मोठा, परत लहान, आणि