पेडल कडक पाहिजे

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला बंदचा दिवस होता. लालबागेत सकाळपासून एकही दुकान उघडलं नव्हतं, गिरण्यांचे भोंगे मुके होते आणि ट्रामच्या रुळांवर कुत्री पसरली होती. अशा दिवशी बाहेर पडू नये हे कौसल्येला कळत होतं. पण नवरा, दत्ताराम, गॅरेजात जाऊन बसला होता, आणि एखादं काम अडलं की तो खाणंपिणं विसरे. तिने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी भरली आणि चाळीमागच्या बोळातून गॅरेज गाठलं.

दार ओढून घेऊन दत्ताराम आत एकटाच खपत होता. हाताखालचा माणूस मोर्चाला गेलेला. मधोमध एका शेठची दोन सीटांची हिरवी विलायती गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली होती, चारी चाकं अधांतरी. रविवारी ती जुहूच्या शर्यतीत उतरायची होती आणि चालवणार होता कौसल्येचा एकुलता एक भाऊ, जगदीश. तो पहिला आला नाही तरी चालेल, पण वळणावर गाडी थांबली पाहिजे, एवढंच कौसल्येचं मागणं होतं. नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

ब्रेकचं पेडल मऊ होतं. पाय दिला की चिखलात रुतल्यासारखं पार तळाला जायचं. दत्तारामने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. चाकांचे ड्रम लेथवर कातून गोल केले, ड्रमला घासणारे नवे लायनर चढवले, दाबाने फुगणारे जुने रबरी पाइप बदलले. आता राहिली होती तेलात अडकलेली हवा. ती काढायची तर माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून बारीकसा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात.

“बरी आलीस. बस गाडीत,” दत्ताराम म्हणाला.

“मी?”

“मग काय मोर्चा अडवून माणूस मागून आणू?”

परक्याची गाडी, त्यातून शेठची. कौसल्येने चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि अनवाणी आत बसली.

“हां, दाब.”

“दाबलं. कडक आहे की हो.”

दत्ताराम थबकला. त्याने अजून पाना लावलाही नव्हता. उठून त्याने स्वतः हाताने पेडल दाबून पाहिलं. ते बोटभर गेलं आणि दगडावर आदळल्यासारखं थांबलं. इतके दिवस रक्त आटवूनही जे झालं नव्हतं, ते बायको सीटवर बसताच झालं होतं.

“तुझा पायगुण म्हणायचा,” तो खुशीत म्हणाला. लग्न झाल्यापासून इतकं मोठं श्रेय त्याने तिला कधी दिलं नव्हतं.

कौसल्या मात्र हसली नाही. “अहो, इंजिन चालू आहे का?”

“नाही. का गं?”

“पेडल गरम लागतंय. आणि... ठोके पडतायत त्याला.”

“तुझेच असतील. धरून ठेव.”

खात्री म्हणून त्याने पुढचं चाक हाताने फिरवलं. ब्रेक दाबलेला, म्हणजे चाक जागचं हलता कामा नये. ते गरागरा फिरलं.

“अगं, दाब ना!”

“दाबलंय! जीव खाऊन दाबलंय.”

त्याने चारी चाकं फिरवून पाहिली. चारीही मोकळी. पेडल दगड आणि ब्रेक शून्य. याचा अर्थ एकच होता. पेडल तेलावर अडत नव्हतं, खाली काहीतरी मध्ये येत होतं.

दत्तारामने बॅटरी मारून पाहिलं. खाली नुसता पत्रा होता. मग त्याने पेडलखाली हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. नंतर बराच वेळ तो हात पँटला पुसत राहिला. बंद गॅरेजात ब्रेकच्या तेलाचा वास होता, पण त्यातून आता भिजलेल्या चामड्याचा वास यायला लागला.

“काय होतं?”

“काही नाही.”

“मग हात का काढलात?”

तो टायरवर बसला. बाहेर लांबवर घोषणा उठल्या आणि विरल्या. मग तो हळू आवाजात बोलू लागला. गाडी शेठने मोडकी घेतली होती, खंडाळ्याच्या घाटातली. उतारावर ब्रेक लागले नव्हते. चालवणारा पेडल मारत राहिला, आणि गाडी कठड्यावर आदळली तेव्हा त्याचा पाय घसरून पेडलखाली गेला. “तिथेच अडकला. काढायला करवत आणावी लागली...”

“पेडल कापायला?”

दुरुस्त होऊन गाडी दत्तारामकडे आली तेव्हा पेडलवर ओरखडासुद्धा नव्हता.

“जगूला नको बसवायला यात,” कौसल्या म्हणाली.

“तो ऐकणाराय? त्याने चाळभर सांगून ठेवलंय.”

ते खरंच होतं. कौसल्येने पुन्हा पेडलवर पाऊल टेकवलं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त दया येत होती. गर्दीत कोणाशी बोलावं तशी ती खाली पाहून बोलली.

“दादा, तेव्हा गाडी थांबली नाही, त्यात तुमचा काय दोष? आता पाय काढा. माझा भाऊ बसायचाय इथे.”

ठोके थांबले. पेडल सावकाश तळाला गेलं, पहिल्यासारखं मऊ आणि गार.

मग खरं काम झालं. “दाब.” “दाबलं.” “सोड.” बुडबुड्यांमागून बुडबुडे आले आणि शेवटी निव्वळ तेलाची धार. पेडल हळूहळू वर आलं आणि घट्ट झालं. दत्तारामने चाकाला हात घातला; ते तसूभर हललं नाही. कौसल्येने डोळ्यांना पदर लावला. दोघांनी एकाच डब्यात भाकरी खाल्ली.

उन्हं उतरताना जगदीश बोळाबोळांतून आला. गाडी खाली उतरवली होती. ताईच्या हट्टापायी त्याने बूट काढून ब्रेक दाबून पाहिला.

“गारेगार आहे ताई. आणि काय कडक! भावोजी, मानलं तुम्हाला.”

न्यूट्रलवर गाडी चालू करून तो तिरका बसला आणि बूट चढवू लागला. दत्ताराम दार उघडायला गेला. इंजिन आधी संथ गुरगुरत होतं. मग आवाज चढू लागला.

“जगू, रेस कमी कर रे,” दत्ताराम दारातून ओरडला. “उगाच पेट्रोल जाळू नको.”

“मी कुठे काय करतोय?”

कौसल्येने पाहिलं. भावाचे दोन्ही पाय गाडीबाहेर, फरशीवर होते. आत ब्रेकच्या शेजारचं रेसचं पेडल हळूहळू खाली जात होतं. ब्रेकवरून काढलेला पाय लगेच कुठे जातो, हे गाडी चालवणारा कोणीही सांगू शकला असता. तिने जन्मात गाडी चालवली नव्हती.

तिने तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

“बघ ताई, कशी उतावीळ झालीय,” जगदीश हसत म्हणाला आणि त्याने पाय आत घेतले.