आईची समुद्राकडची खोली

आईच्या चाळिसाव्याला चर्चमध्ये न्यायचे गहू उकडून मी चादरीवर पसरत होते. चाळीस दिवस जीव घरातच घुटमळतो, असं आमच्यात मानतात. तोवर गेलेल्याच्या खोलीत दिवा तेवत ठेवायचा, तिथे कुणी झोपायचं नाही. पण पर्यटकांचा हंगाम तोंडावर आला होता, आणि आमचं घर खोल्या भाड्याने देऊनच चालतं.

"आर्गिरो, मेलेल्या माणसाला कशाला हवाय समुद्र दिसणारा पलंग?" असं म्हणत माझा भाऊ झिसिस दिवा खाली घेऊन आला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. खोली भाड्याने गेलीच.

तिथे उतरलेली उर्सुला त्या दुपारी खाली आली. कौतुक आणि तक्रार एका दमात करणारी बाई.

"समुद्र छान. टोमॅटो तर काय सांगू! पण दुपारी अख्खं गाव बंद, साधं पाणी मिळत नाही. आणि तो तुमचा कोंबडा, त्याला कापा हो एकदा! त्या आजी मात्र फार गोड. रोज दुपारी येतात, खिडक्या लावतात, उशाशी बसून वारा घालतात."

"कोण आजी?"

"काळ्या कपड्यांतल्या. एका हाताला अंगठा नाही त्यांच्या..."

आईचा अंगठा मासेमारीच्या दोरात गेला होता.

मला भीती नाही वाटली, संताप आला. इतके दिवस मी रडत होते, ती माझ्या स्वप्नातसुद्धा आली नाही. आणि या परकीला वारा घालते! लहानपणीही हेच. उन्हाळाभर पलंग पाहुण्यांचे, आम्ही भावंडं स्वयंपाकघरात फरशीवर. ते जाताना सांगायचे, तुमचं गाव म्हणजे स्वर्ग. आग लागो त्या स्वर्गाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमधला विधी आटोपला. मग उर्सुला बोटीतून फिरायला गेली, झिसिस बंदरावर होता. घरात मी एकटी. दुपारी वर जाऊन त्या पलंगावर पडले. आईने एकदा, फक्त एकदा मला नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं.

बाहेर पाइनच्या झाडांवर किडे किरकिरत होते. ते एकदम गप्प झाले. ओल्या साबणाचा वास आला. खिडक्यांची दारं एकेक करत मिटली, खोलीत अंधार झाला. तोंडावर वारा लागला. मग कपाळावर गार हात... चारच बोटं.

"आई..."

"झोपा बाई, झोपा." किती गोड आवाज! हा आवाज मी आजवर दाराबाहेरूनच ऐकला होता. "फार उकडतंय का? कुठून आलात?"

"आई, मी... मी आर्गिरो..."

वारा क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला.

"काही लागलं तर सांगा हं. लाजू नका. मुलं खाली आहेत, ती नाही त्रास देणार."

तेवढ्यात खाली, रिकाम्या स्वयंपाकघरात, कुणीतरी खोकलं. लहान पोरीसारखं.

आई झटकन उठली. जिन्याच्या तोंडाशी गेली आणि आमच्यासाठी राखून ठेवलेल्या त्या कोरड्या आवाजात खाली ओरडली,

"आर्गिरो! तोंड दाब. पाहुणे झोपलेत."

खालचा खोकला तिथल्या तिथे दबला.