नाकावरचा फोड आणि अडकलेली घंटा

आमच्या घरातल्या माणसांपुढे मी हात टेकलेत! आणि माणसं परवडली अशी ती ठमी. ठमी म्हणजे औषधं देणारी आमची यंत्रबाई.

नानांना, म्हणजे माझ्या आजोबांना, फुफ्फुसाचा कर्करोग आहे. त्यावरची रोजची गोळी सुरू झाली आणि चेहरा फोडांनी भरला. वर पापण्यांचे केस लांबच लांब! फुफ्फुसाची गोळी चेहऱ्यावर कशाला कडमडते, कुणाला कळेना. आत्याने हळदीचा लेप थापायला घेतला आणि काही दिवसांत चेहरा साफ. आत्याचा तोरा तर बघवेना.

मला मात्र खटकलं. "ठमे, नाना गोळी घेतात ना?"

"मी रोज देते."

"पण गिळतात का?"

"नाही. कुंडीत टाकतात. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आता हिला काय म्हणावं? मी तरातरा नानांकडे गेले. "जन्मभर विज्ञान शिकवलंत ना?"

नाना मान खाली घालून म्हणाले, "इरा, रविवारी मी मुलांना शिकवतो त्या वर्गातली छोटी ओवी मला बघून मागे सरकली. फोड लागतील म्हणाली."

माझा राग अर्धा उतरला. अर्धाच.

ठमी सांगू लागली, "पेशींवर (ज्या बारीक घटकांचं शरीर बनतं त्यांवर) ग्राही असतात (निरोप स्वीकारणारे रेणू). दारावरची घंटाच समजा. ती वाजली की पेशी वाढते, एकीच्या दोन होतात. नानांच्या गाठीत घंटेचं बटण अडकलंय. गोळी ती घंटा बंद करते."

"मग चेहऱ्याने तिचं काय घोडं मारलंय?"

"त्वचा सतत नवी होत असते. तिच्या पेशींवर, केसांच्या मुळांशीही तीच घंटा असते. गोळी तीही बंद करते. मग त्वचा कोरडी पडते, सुजते, फोड येतात. पापण्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही. यातलं काहीही दुसऱ्याला लागत नाही."

"म्हणजे फोड लेपाने गेलेच नाहीत," नाना पुटपुटले. "आणि गाठीतली घंटा?"

"वाजत असणार."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. मला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. गोळी पुन्हा सुरू झाली, फोडांसाठी मलम मिळालं, लेप बंद. "त्रास झाला तर मला सांगा, मी मात्रा कमी करीन. मनाने गोळी थांबवायची नाही!" असा दम मिळाला.

पुढे एका रविवारी नानांनी फळ्यावर घंटा काढून सगळं समजावलं. ओवी अगदी जवळ आली आणि तिने नानांच्या नाकावर बोट ठेवलं. "नाना, इथे नवीन फोड आलाय. म्हणजे आतली घंटा गप्प बसतेय?"

"बसतेय, असं वाटतंय खरं," नाना हसले.

"पण गोळीला नेमकं गाठीचंच दार का नाही ओळखता येत?" ओवी वैतागली. "मी करीन तशी गोळी!"

चला, वैतागायला मला जोडीदार मिळाली.