चंद्रावरच्या नळाची चव

शाल्मलीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. चंद्रावरच्या वसाहतीत घरोघरी नळाला येणारं पाणी शुद्धात शुद्ध, आणि ते शुद्ध करणारं यंत्र बनवलं होतं तिच्याच आबांनी, म्हणजे आजोबांनी. तरी आबा ते औषधासारखं नाक मुरडून जेमतेम घोटभर प्यायचे. आता डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की असंच चाललं तर पुढच्या यानाने त्यांना पृथ्वीवर परत पाठवावं लागेल.

यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाला, बंड्याला, पाणी तपासायला लावलं. पाण्यात पाण्याशिवाय काहीही नाही, असं बंड्याने ऐटीत जाहीर केलं.

आबा हसले. खोट नेमकी तीच आहे, म्हणाले. मग तिला जवळ बसवून ते आपल्या गावच्या, निंबोरीच्या नळाबद्दल सांगू लागले. सकाळी तो आधी नुसताच फुसफुसायचा, मग पाणी यायचं आणि घरात एकच धांदल उडायची. ते पाणी डोंगरातून झिरपताना खडकातले क्षार (पाण्यात विरघळणारी खनिजं) सोबत घेऊन यायचं. क्षार फार झाले की पाणी दुष्फेन (साबणाला फेस येऊ न देणारं) व्हायचं, डाळ लवकर शिजायची नाही, बादलीवर पांढरा थर बसायचा. आबांची आई लिंबाच्या सालीने तो थर घासायची आणि पाण्याच्या नावाने बोटं मोडायची.

"पण चव त्या क्षारांचीच होती गं," आबा म्हणाले. आईच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले.

"मग ते परत घालूया की, आबा."

जे काढून टाकण्यात आबांचा उभा जन्म गेला, तेच आता घालायचं? पण नातीचा चेहरा बघून ते उठले. चंद्रावरच्या खडकांतून वेगळे काढलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार प्रयोगशाळेत होतेच. आबांनी ते अगदी बेताने तांब्याभर पाण्यात विरघळवले, भांड्यात ओतून घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"निंबोरीचं नाही हे."

शाल्मली हिरमुसली. आबांनी मात्र भांडं खाली ठेवलं नाही. सगळं पाणी संपवूनच ते बोलले.

"तिथल्या डोंगराची चव तिथे राहिली, बाळा. ही इथल्या खडकाची. उद्या तू शिकायला पृथ्वीवर जाशील ना, तेव्हा ह्याच पाण्याच्या आठवणीने तुला रडू येईल."

आणि त्यांनी रिकामं भांडं तिच्यापुढे धरलं. "ओत अजून."