दोन माणसांचा पंप

मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तलावातले पाणी दीड सेंटिमीटरने उतरत असे. उरलेल्या चार वारी ते जागचे हलत नसे.

अडीच आठवड्यांची ही नोंद तिच्या वहीत होती. उन्हाने आटणारे पाणी वेगळे मोजता यावे म्हणून तिने तलावाच्या पहिल्या पायरीवर एक भरलेली बादली ठेवली होती. बादलीतले जेवढे आटे तेवढे वजा करून उरत ते हे दीड सेंटिमीटर. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. नऊ वर्षांच्या नोकरीत तिने खारट, गढूळ, गंधाळलेले असे नाना तऱ्हेचे पाणी पाहिले होते. वार पाळणारे पाणी तिच्या पाहण्यात नव्हते.

पोहण्याचा हा तलाव घरामागचा, आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. आई गेल्यापासून तीन उन्हाळे तो ताडपत्रीखाली पडून होता, आणि बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले नसते तर आणखीही राहिला असता. ऑपरेशन उत्तम झाले. गुडघा मात्र अडून बसला. तिसऱ्या आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कोनमापक लावून पाहिला आणि अडुसष्ट अंश असा आकडा सांगितला.

"टाके सुकलेत. आता छातीइतक्या पाण्यात रोज चालायला हवं," बाई म्हणाल्या. "आठवा आठवडा संपेपर्यंत नव्वदच्या पुढे गेला नाही, तर डॉक्टर पुन्हा भूल देऊन वाकवतील. ते काही सुखाचं नसतं, काका."

सार्वजनिक तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. घरचे तलाव उघडून देणाऱ्या तीन कंपन्यांना तिने फोन केले. ऊन लवकर तापल्यामुळे तिघांकडेही रांग होती. सर्वांत दयाळू माणसाने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. तेव्हा तिने रजा टाकली, पंपाची माहितीपुस्तिका माळ्यावरून शोधून काढली आणि कंबर कसली.

पहिल्या मंगळवारी तिने ताडपत्री ओढली, तिच्यावर साचलेला पाला आणि पाणी निम्मेअधिक अंगावर घेतले, खालचे हिरवेगार पाणी डोळे भरून पाहिले आणि व्हरांड्यात जाऊन पंपाचा स्विच दाबला. पंप असा काही किंचाळला की झाडावरचे पक्षी उडाले.

"बंद करा! अहो, आधी बंद करा तो!"

आवाज कुंपणाच्या भिंतीपलीकडून आला. पलीकडे संगीतशाळा होती. सुट्टी असल्यामुळे तिथे कोणी नसणार अशी तिची समजूत होती. भिंतीवर आधी एक हात आला, हातात लाकडी मुठीची किल्ली, मग विस्कटलेले केस, मग एक माणूस कोपरापर्यंत.

तिने पंप बंद केला. "तुम्ही पंपाची कामं करता?" तिने मोठ्या आशेने विचारले.

"नाही हो. पियानो जुळवतो. इथले नऊ आहेत, सुट्टीत करून द्यायचेत. पण पाणी मिळालेला पंप घुमतो, आणि तुमचा रडतोय. कोरडा असणार."

"हे तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगताय?"

"माझं पोट त्याच्यावरच आहे."

तिने विश्वास ठेवला नाही. पंपाला जोडलेल्या पाण्याच्या भांड्याचे झाकण उघडून पाहिले. भांडे कोरडे ठणठणीत होते. पुस्तिकेत उपाय दिला होता: भांडे पाण्याने भरावे, झाकण आवळावे आणि पाणी मागे ओसरण्यापूर्वी पंप सुरू करावा. भांड्यापासून स्विचपर्यंत चौदा पावले होती. तिने तीन वेळा भांडे भरले, तीन वेळा धावली आणि तीन वेळा पंपाचे रडणे ऐकले. भिंतीवरचा माणूस तिन्ही वेळा पाहत होता. चौथ्या वेळी त्याने विचारले, "मी... येऊ का? स्विच मी दाबतो. तुम्ही नुसतं 'आता' म्हणा."

"आता," ती म्हणाली.

पंप घुमला. तळाशी दबलेले पाणी हलले, कडेला पहिली लाट आली आणि तिच्या भिजलेल्या चपलांवरून गेली.

"लागला सूर," तो म्हणाला, आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून पान काढायची खूण तिला केली. पान तिच्या कपाळावर होते.

त्या दुपारी तिने वहीत लिहिले: पंप सुरू करण्यास दोन माणसे लागतात.

तो मंगळवार, गुरुवार, शनिवार असा येई. सकाळी भिंतीवरून "आता का?" अशी हाक ऐकू आली की ती भांडे भरायला घेई. पंप चार तास चाले. मोटर जुनी, एकटी असताना ती तापली तर काय घ्या, म्हणून तो निघाला की ती पंप बंद करी. मधल्या वेळात पलीकडून एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजत राही आणि अलीकडे ती काचेच्या नळीत थेंब टाकून क्लोरीन मोजत राही.

"हा गुलाबी आणि हा गुलाबी," एकदा चहाचा कप भिंतीवर ठेवत त्याने विचारले, "यांच्यात फरक काय?"

"शून्य पूर्णांक चार."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"मला तुमचे स्वर सारखेच ऐकू येतात. फिटंफाट."

"सारखे नाहीत. या, दाखवतो."

ती भिंतीला वळसा घालून गेली. फाटक होते, हे तिला त्या दिवशीच कळले. त्याने पियानोची एक पट्टी दाबून धरली. "एका पट्टीला तीन तारा. एक मी दाबून ठेवलीय, दोन वाजतायत. कान जवळ आणा... अजून. स्वर ऐकू नका, त्याच्या आतली लाट ऐका. उठते, पडते, उठते... येतंय?"

सुरुवातीला काहीच आले नाही. मग आले. आवाजाच्या पोटात काहीतरी श्वास घेतल्यासारखे फुगत होते, ओसरत होते. त्याने किल्ली अगदी जराशी फिरवली. लाट लांबली... आणखी लांबली... आणि नाहीशी झाली. राहिला तो एकच स्थिर स्वर.

"जुळल्या," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे दोन कंपनसंख्यांमधला फरक शून्य झाला," ती म्हणाली.

"मी तेच म्हणालो. तुम्ही फक्त ते न हसता म्हणता."

यावर ती हसली. कान मात्र तिने पियानोपासून दूर नेला नाही. पियानोचा स्वर तर केव्हाच थांबला होता.

"नऊ पियानोंना तीन आठवडे लागतात?" परत निघताना तिने विचारले.

"छे. पाच दिवसांत होतात."

"मग?"

"मग काय? तुमच्या पंपाला दोन माणसं लागतात ना..."

हा विनोद आहे असे तिने ठरवले. विरुद्ध पुरावा हाती नव्हता.

दुसऱ्या आठवड्यापासून बाबा कुबड्या घेऊन व्हरांड्यात येऊन बसू लागले. पाय स्टुलावर, वर्तमानपत्र मांडीवर. पाणी उतरण्याचा प्रकार त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"सूरवाले आले की उतरतं म्हणतेस? लाजत असेल बिचारं."

"बाबा, पाणी लाजत नाही. गळत असेल कुठेतरी."

"मग इतर वारी गळायची सुट्टी असते?" बाबा भिंतीकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "घरात एक शंकासूर होताच. आता शेजारी नुसता सूरही आला."

भिंतीपलीकडे कोणीतरी खोकले.

गोष्ट इथवर गमतीची होती. पण तलाव हिरवाच होता. क्लोरीनने शेवाळ मरत होते. मेलेले शेवाळ मात्र पाण्यातच तरंगत होते, आणि ते गाळून काढण्याइतके पाणी फिल्टरमधून फिरत नव्हते. तिसऱ्या शनिवारी सकाळी व्यायामाच्या बाई आल्या. कोनमापकावर एकाहत्तर अंश होते. त्यांनी तलावाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि गुडघा वाकवून घेण्यासाठी दवाखान्याची तारीख आताच घेऊन ठेवा, असे सांगितले. बाबा त्यावर काही विनोद करायला गेले आणि त्यांना तो सुचला नाही. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे घट्ट झालेली तिने पाहिली.

त्या दिवशी 'आता' म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्याने ते ऐकले. स्विच दाबून तो भिंतीपलीकडे परतला नाही. जुळवणीच्या किल्लीची लाकडी मूठ कानाला लावून, दुसरे टोक एकेका पाइपावर टेकवत चालला.

"इथे पाणी वाहतंय."

"तो बाहेर सोडण्याचा पाइप आहे. त्याची वाट व्हॉल्व्हनं बंद केलीय. वाहणं शक्यच नाही."

"शक्य नसेल. पण वाहतंय."

तिने पंप थांबवला, पाना आणला आणि व्हॉल्व्ह उघडला. आतली रबरी चकती एका बाजूने दुमडली होती. तिने ती बोटाने सरळ केली, झाकण बसवले, मग मुद्दाम पुन्हा दुमडून, पंप चालवून, पाइपाच्या तोंडाशी बादली धरून मोजले. मिनिटाला दोन लिटर.

"चार तासांचे चारशे ऐंशी," ती जमिनीवर बसून वहीत भराभर लिहू लागली. "तलावाचं क्षेत्रफळ बत्तीस चौरस मीटर... भागलं तर दीड सेंटिमीटर. बरोब्बर दीड! पंप चालला की गळतं, बंद असला की नाही."

"वा! आणि पंप मंगळवार, गुरुवार, शनिवारीच चालतो."

"हो, कारण..." ती थांबली.

"कारण?"

"सुरू करायला दोन माणसं लागतात."

त्याने व्हरांड्याकडे पाहिले, म्हणून तिनेही पाहिले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या डोक्यावर, खांद्यापासून हातभर अंतरावर, पंपाचा स्विच होता. बाबांनी वर न पाहता कुबडी उचलली आणि तिच्या टोकाने तो बंद केला. पंप थांबला. पुन्हा चालू केला. भांड्यातले पाणी अजून ओसरले नव्हते. पंप घुमू लागला.

"किती दिवस ठाऊक होतं तुम्हाला?" तिने बाबांपुढे उभे राहून विचारले. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"मी इथे बसायला लागलो त्या दिवसापासून. मला वाटलं, विचारशील. तू तर भिंतीकडे बघत होतीस."

"गुडघा तुमचा होता, बाबा!"

"होता ना. म्हणून तर गप्प बसायचा हक्कही माझाच होता. गुडघा वाकवायला डॉक्टर आहेत. तुला वाकवायला कोण होतं?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आज एकाहत्तर ऐकून मात्र घाबरलो जरा. ते खरं."

ती परत तलावापाशी आली. तो किल्ली पिशवीत ठेवत होता.

"तुम्हीही पाहिलं होतं ना? बाबा स्विचखाली बसतात ते?"

"गेल्या गुरुवारी लक्षात आलं. आज सांगायचं ठरवून आलो होतो... गुरुवारीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"माझं आधी चुकलं. तीन फेल गेलेल्या धावपळींवरून मी नियम लिहिला आणि पुन्हा तपासला नाही. मी!" तिने वही मिटली. "गुडघा नव्वदच्या पुढे जाईपर्यंत... तुम्ही येऊ नका. म्हणजे, माझ्याच्यानं दोन्हीकडे लक्ष राहत नाही, हे दिसलंच."

"आणि नाही गेला नव्वदच्या पुढे तर?"

ती पाना घेऊन दुमडलेली चकती सरळ करायला वळली. त्याने मान हलवली आणि फाटकातून गेला, भिंतीवरून नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंप सकाळी पाच तास आणि संध्याकाळी पाच तास चालला. ती झाकण आवळून 'आता' म्हणे, बाबा कुबडी उचलत. चौथ्या दिवशी दुसरी पायरी दिसली, सहाव्या दिवशी तळाची जाळी. सातव्या दिवशी, शनिवारी, बाबा तिच्या खांद्यावर हात टाकून पाण्यात उतरले आणि "मेलो, गार आहे!" म्हणून ओरडले. पलीकडची संगीतशाळा शांत होती. नऊही पियानो जुळून झाले होते.

शहात्तर. एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी अंशांवर गुडघा तीन दिवस अडला आणि त्या तीन दिवसांत घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. पाणी मात्र कुठल्याही वारी उतरत नव्हते. एक गोष्ट तिने निर्विकारपणे टिपून ठेवली: मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी, काही कारण नसताना, ती भिंतीजवळच्या कोपऱ्यातला पाला काढत असे. तिथे झाड नव्हते.

आठव्या आठवड्याच्या बुधवारी बाईंनी कोनमापक लावला, डोळे बारीक केले आणि पुन्हा लावला.

"त्र्याण्णव, काका. दवाखान्याची तारीख रद्द करा."

बाबांनी कुबडी तिच्याकडे रोखली. "कर आता फोन. सूरवाल्यांना."

ती तलावाच्या काठावर पाय सोडून बसली आणि फोन लावला. फोनच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी एकच स्वर वाजत होता, तो थांबला.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

"येऊ?"

"ये," ती म्हणाली. तुम्ही, अहो, जाहो हे सगळे कुठे गेले, ते तिने शोधले नाही.

तासाभराने तो फाटकातून आला. पंप आपला घुमत होता. उन्हाचे कवडसे तळापर्यंत जाऊन हलत होते आणि बाबा पाण्यात पाठमोरे, फार मन लावून चालत होते.

"पंप तर चालू आहे," तो तिच्या शेजारी बसत म्हणाला. "मग माझं काम काय?"

"तेच लिहीत होते. तपासल्याशिवाय लिहायचं नव्हतं." तिने वही त्याच्या हातात दिली आणि पाण्याकडे पाहत राहिली.

पानावर निरीक्षणांचे तक्ते होते. त्यांच्याखाली, त्याच अक्षरात, दोन ओळी होत्या.

पाणी उतरण्याचे कारण: व्हॉल्व्हमधील रबरी चकती दुमडलेली होती, त्यामुळे पंप चालू असताना पाणी बाहेर जात होते.

पंप आठवड्यातून तीनच दिवस चालण्याचे कारण: त्या दिवशी तू येत होतास.