तांदळाचं धुवण

पहिल्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तांदळाचं धुवण खाली फेकलं, आणि खालून कोणीतरी ओरडलं.

"अहो, वर कोण आहे?"

मी डोकं बाहेर काढलं. खाली चिकूच्या रोपाजवळ एक बाई उभी होती. केसांतून पांढरट पाणी गळत होतं. खांद्यावर तांदळाचे दोन दाणे. हातात रिकामी बादली.

"चुकलं," मी म्हटलं. "दिसलं नाही."

"मी भिजले त्याचं काही नाही. पाणी का फेकलंत ते सांगा. जिन्याजवळ बोर्डावर काय लिहिलंय, वाचलंत का?"

"वाचलंय."

"काय लिहिलंय?"

"होळीपासून पावसापर्यंत वापरलेलं पाणी फेकू नये. झाडाला घालावं."

"पाठ आहे की! मग खाली सही कुणाची आहे, तीही वाचली असेल."

"माझीच आहे," मी म्हटलं.

 ती एवढी हसली की हातातली बादली खाली ठेवावी लागली. मला काय करावं कळेना. माफी तर मागून झाली होती. मी डोकं आत घेतलं.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. आमची परिश्रम सोसायटी डहाणू स्टेशनच्या पश्चिमेला. दोन इमारती, सोळा घरं, सगळी नोकरदार माणसं. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड तासभर पाणी, बाकी सगळा भार आवारातल्या विहिरीवर. समुद्र जवळ, त्यामुळे जास्त उपसा झाला की विहीर खारट व्हायची. मी सुदर्शन सावे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर, एकटा राहणारा. म्हणून पाण्याचं काम सोसायटीने माझ्या गळ्यात घातलं होतं. रोज संध्याकाळी दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडायची. दोरीला एका ठिकाणी लाल चिंधी होती. चिंधी भिजून वर आली तर ठीक. कोरडी आली, तर दुसऱ्या दिवसापासून घरटी चारच बादल्या.

आणि होळीच्या सभेत आम्ही चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला एकेक झाड वाटून द्यायचो. उन्हाळाभर ते झाड त्या घराने जगवायचं, तेही वापरलेल्या पाण्यावर. माझ्या खिडकीखालचं चिकूचं कलम नरपडच्या एका वाडीतून आणलेलं होतं. ते आलं होतं पलीकडच्या इमारतीत नव्याने भाड्याने राहायला आलेल्या सुनंदा चुरीच्या वाट्याला. ती चिंचणीची. तलासरीच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळी यायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बादली घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"धुवण द्या."

"कशाला?"

"काल डोक्यावर ओतलंत, आज बादलीत ओता. झाड माझं आहे, डोकंही माझंच आहे. पण झाडाला जास्त उपयोग होतो."

मी तांदूळ धुतले आणि धुवण बादलीत ओतलं. बादलीचा तळही नीट झाकला गेला नाही. तिने वाकून पाहिलं.

"एवढंच?"

"एक माणूस किती भात खाणार, बाई?"

"बाई काय म्हणता? तुम्ही माझ्या वर्गात बसता का?"

"मग काय म्हणू?"

"विचार करा. उद्या सांगा," असं म्हणून ती गेली.

मी रात्री खरोखर विचार केला. काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'बाई'च म्हटलं, आणि ती पुन्हा हसली. बरोबर म्हटलं की चूक, ते काही कळलं नाही.

मग ती रोज येऊ लागली. सहा वाजून गेले की जिन्यावर तिच्या चपला वाजायच्या आणि बादलीची कडी किणकिणायची. मी आधीच तांदूळ निवडून बसलेला असायचो. ती दारातच उभी राहायची, आत यायची नाही. शाळेतल्या गमती सांगायची. कधी माझ्या डाळीचा वास घेऊन म्हणायची, "सावे, फोडणी जळली." कधी माझ्याबरोबर विहिरीवर यायची. मी दोरी वर ओढायचो आणि ती चिंधी चिमटीत धरून बघायची.

"ओली आहे," ती म्हणायची. "तुमचं तोंड मात्र कोरडंच. दोन शब्द बोला की!"

"काय बोलू?"

"काहीही. पाणी सोडून."

मला पाणी सोडून दुसरं काही आठवायचंच नाही. ती समोर आली की सिग्नलची तारसुद्धा कुठली कशाला जोडायची, ते मी विसरलो असतो. ती गेली की मात्र खूप काही आठवायचं. मग मी ते भांडी घासताना बोलायचो. तिच्या जागी नळ असायचा, आणि नळालाही पाणी नसायचं.

एप्रिल संपला. चिंधी कोरडी येऊ लागली. लोक गच्चीवर झोपू लागले, अंघोळी एका बादलीवर आल्या. शाळेला सुट्टी लागली. मला वाटलं, आता ती चिंचणीला घरी जाईल. पण ती गेली नाही.

"आई वाट बघत असेल ना?" मी विचारलं.

"असेल."

"मग जात का नाही?"

ती बादलीच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "झाडाला पाणी कोण घालणार?"

ते माझ्या मनाला फार लागलं. एका झाडापायी ही मुलगी सुट्टीतही घरी जात नाही, आणि नियम तर मीच केलेला! त्या रविवारी मी सुट्टी सत्कारणी लावली. सामानातून अर्ध्या इंचाचा पाईप काढला, भिंतीत भोक पाडलं, मोरीच्या कडेला एक नरसाळं बसवलं आणि पाईप भिंतीवरून खाली नेऊन बरोबर चिकूच्या आळ्यात सोडला. बाजूला दगड लावले, म्हणजे हलायला नको. एक थेंब वाया जाणार नाही, असं काम झालं होतं.

संध्याकाळी ती आली. मी तिला खिडकीशी बोलावलं. ती पहिल्यांदाच आत आली. मी नरसाळ्यात धुवण ओतलं.

"खाली बघा," मी म्हटलं.

पाणी झाडाच्या मुळाशी पडत होतं. ती बघत राहिली.

"हे… तुम्ही केलंत?"

"दिवसभर लागला. आता तुम्हाला जिना चढायला नको. खुशाल घरी जा. अगदी पावसापर्यंत नाही आलात तरी चालेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही, आणि तेव्हा मला त्याचा काहीच अर्थ लागला नाही.

"छान झालंय," ती म्हणाली. रिकामी बादली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती चिंचणीला गेली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती परत आली. पाऊसही आला. विहीर वर आली, बोर्डावरची सूचना मी काढली. ती जिन्यात भेटली तर "काय सावे" म्हणायची आणि निघून जायची. मी मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं. पाईप गळतोय का? नाही. झाड वाळलं का? नाही, चांगली नवी पालवी फुटली होती. मग ही चिडली कशावर? की चिडलीच नाही, आणि मलाच तसं वाटतंय? एकदा धीर करून विचारलं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं काम कधी चुकतं का?"

मला वाटलं, कौतुक केलं. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी वाटलं, कौतुक नसावं.

ऑगस्टात, नारळी पौर्णिमा जवळ आली असताना, समोरच्या विपुलभाईंची आई, आम्हा सगळ्यांची बा, दारात तांदूळ निवडत बसली होती. मी कामावरून येत होतो. बा म्हणाली, "सुदर्शन, सुनंदा रविवारी जाते. तुला खबर आहे?"

"कुठे?"

"तलासरी. शाळेने खोली दिली. सामान बांधते."

माझ्या हातातला डबा खाली पडला. तरी मी म्हटलं, "बरंच झालं. रोजचा एसटीचा त्रास वाचेल."

बाने सूप बाजूला ठेवलं.

"बैस इथे. आमच्या घरी माणसं किती?"

"सहा."

"सहा माणसांचे तांदूळ धुतले तर पाणी किती होते? अर्धी बादली. आणि तुझं?"

"तांब्याभर."

"ती पोरगी रोज माझ्या दारावरून तुझ्या दारात जायची. एक दिवस तरी मला बोलली, बा, मला पाणी द्या?"

मी विचार केला. "तुमच्याकडे मागायला तिला संकोच वाटत असेल."

बाने कपाळाला हात लावला. "दीकरा, तू तो साव गांडो छे!"

साव गांडो म्हणजे ठार वेडा, हे डहाणूत कुणालाही कळतं. मी घरात गेलो. कपडे न बदलताच तांदूळ धुवायला घेतले. एक मूठ. पाणी पांढरं झालं. नरसाळ्यात ओतायला हात पुढे केला आणि तसाच थांबला.

तांब्याभर पाणी. त्यासाठी दोन जिने – एक तिच्या घरचा उतरायचा, एक माझा चढायचा. तलासरीहून एसटीत उभं राहून आल्यावर. रोज. आणि मी काय केलं, तर भिंतीला भोक पाडून तिला सांगितलं, आता येऊ नका.

मी पाना घेतला आणि पाईप काढला. भोकात फडकं कोंबलं. बादलीत धुवण ओतलं, वर ताट झाकलं आणि निघालो. बाहेर असा पाऊस होता की आवारात घोट्याएवढं पाणी साठलं होतं. छत्री घ्यायचं सुचलं नाही. पलीकडचा जिना चढून तिचं दार वाजवलं.

तिने दार उघडलं. मागे बांधलेली दोन गाठोडी, दोरीने आवळलेली ट्रंक. मी निथळत होतो.

"काय आहे हे?"

"धुवण."

"कसलं?"

"तांदळाचं. झाडाला."

ती गॅलरीकडे बघून म्हणाली, "सावे, बाहेर पाऊस दिसतोय ना?"

"दिसतोय."

"विहीर भरून वाहतेय."

"हो."

"मग हे कशाला?"

मला वाटलं होतं, जिना चढेपर्यंत उत्तर सुचेल.

"पाईप काढून टाकला," मी म्हटलं.

"का? चांगला होता की. एक थेंब वाया जात नव्हता."

"पण… तुम्ही यायच्या बंद झालात."

  तिने बादली माझ्या हातातून घेतली. तिची बोटं माझ्या बोटांवरून गेली, गार.

"हे कळायला तीन महिने लागले?"

"खरं सांगू? बाने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मी वेडा आहे, एवढंच. बाकीचं माझं मला कळलं."

ती हसली. होळीच्या वेळी खिडकीखाली हसली होती, तशीच. पण डोळे पुसत. मग तिने ताट उचलून बादलीत पाहिलं.

"एवढंच?"

"एका माणसाच्या भाताचं एवढंच होतं, बाई. हजारदा सांगितलंय."

"मग दोघांचा लावत जा," ती म्हणाली. लगेच पाठ फिरवून ट्रंकेची दोरी सोडायला बसली. गाठ पक्की बसली होती. "बघत काय राहिलात? तुम्ही फिटर आहात ना? सोडा ही."

मी गाठ सोडली.

त्या माघात आमचं लग्न झालं. लग्नात बाने मला सगळ्यांदेखत पुन्हा तेच नाव ठेवलं. सात वर्षं मी दोघांचा आणि पुढे तिघांचा भात लावला, कारण माझ्या फोडणीवर तिचा विश्वास नव्हता, पण भात माझाच तिला आवडायचा. "पाईपवाले" म्हणून ती मला चिडवायची. मला पुष्कळ गोष्टी तिच्याकडून समजून घ्यायच्या होत्या. घाई नाही असं वाटलं. मग तिला कावीळ झाली, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. भात पुन्हा दोघांचाच होतो – माझा आणि सईचा. सई आठ वर्षांची आहे. सोसायटीला आता रोज पाणी येतं. चिकू माझ्या खिडकीच्या वर गेला आहे, त्याला धुवणाची काही गरज नाही. तरी होळी झाली की मी धुवण बादलीत ओततो आणि सई ते खाली घेऊन जाते. झाडाला पाणी लागत नाही तर ते का घालायचं, असं ती विचारते. मला नीट सांगता येत नाही.

परवा ती बादली घेऊन दारात थांबली. कमरेवर हात ठेवून मोरीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, भिंतीत बुजवलेल्या भोकाचा डाग आहे तिथे बोट ठेवलं.

"बाबा, रोज जिना उतरायचा कशाला? इथून एक पाईप लावला तर?"

पोर माझ्यावरच गेली आहे. मी हसायला गेलो, पण ते जमलं नाही.

"नको," मी म्हटलं. "बादलीनेच ने."