टाकीच्या तळाशी काय ठेवतात?

भिंतीवरच्या पडद्यावरचा आकडा हलेना. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या चारही टाक्यांत तीन टक्के वायू उरला होता आणि पंप थांबले होते.

"ठकी, संपतच नाहीये बघ!" मुक्ता आनंदाने ओरडली. "आता आई जात नाही!"

"कारण समजले नाही," घरची यंत्रमानव ठकी म्हणाली.

"अगं, आईच म्हणाली होती ना? टाक्या रिकाम्या होईपर्यंत मी तुझी. झाल्यात का रिकाम्या?"

आंबेरी बंदराच्या भेटीच्या खोलीत मुक्ताची आई, शलाका, तिची वेणी घालत होती. ती समोरच्या वायुवाहू जहाजावर इंजिनिअर होती. दिवाळीनंतर लेकीला ती आजच भेटत होती. किती वाळलीस, खोकला कधीपासून, दूध पितेस ना, असं सारखं चाललं होतं तिचं. वेणीला रिबीन बांधून ती उठली.

"चल बाळा, वेळ झाली. टाक्या रिकाम्या झाल्या."

"खोटारडी! तीन टक्के आहे अजून!"

शलाका पुन्हा खाली बसली. "चुकलंच माझं. एवढं उरलं की आम्ही जहाजावर 'रिकामी'च म्हणतो. जिभेला सवय."

"मग उरलेलं काढ. चांगली घासूनपुसून रिकामी कर. मी थांबते."

"टाक्या घासण्याची गरज नसते," ठकी म्हणाली.

"तू गप गं!"

शलाकाने लेकीला जवळ ओढलं. "वाफ थंड झाली की पाणी होतं ना? तसा नैसर्गिक वायू (जमिनीखाली सापडणारा, मुख्यतः मिथेन) उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो. मग सहाशे खोल्यांतला वायू एका खोलीत मावतो."

"म्हणजे सहाशे जहाजांऐवजी एकच?"

"हो. १९५९ साली एका जुन्या मालवाहू जहाजात टाक्या बसवून असा द्रव पहिल्यांदा अमेरिकेहून इंग्लंडला नेला. टाक्यांना बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं अस्तर होतं, उष्णतारोधक (बाहेरची ऊब आत न येऊ देणारं). तरी थोडी ऊब शिरतेच. द्रव हळूहळू उकळत राहतो. ती वाफ आम्ही इंजिनात जाळतो."

"अय्या! म्हणजे नेता नेता डब्यातलं खातं जहाज!"

"खातं खरं!" शलाका हसली. "आता सांग, टाकी कोरडी करून नेली, तर तिकडे वायू भरायला पोचेपर्यंत ती तापणार. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं तर?"

"चर्र!"

"तसंच. तापलेल्या टाकीत इतका थंड द्रव ओतला तर भसाभस वाफ होईल. धातू एकदम आकसून तडकेलसुद्धा. म्हणून तळाशी थोडा ठेवतो आणि वाटेत टाकीतच फवारत राहतो. टाकी गार राहते, पुन्हा भरायला तयार."

मुक्ता विचारात पडली. "शेजारच्या काकूंचा डबा आपण रिकामा परत देत नाही, तसं?"

"अगदी तसं! चिमूटभर साखर तरी घालतोच ना?"

"पण तू भरायला तिकडे जातेस आणि रिकामं करायला इकडे येतेस." मुक्ताने वेणीची रिबीन ओढली. "म्हणजे तू परत जातेस ती नेहमी तिकडेच."

शलाकाने लेकीला खिडकीशी नेलं. पलीकडच्या टेकडीवर नव्या कारखान्याचे सौरपट्टे चमकत होते.

"तिथे उन्हाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन (जळला की पुन्हा पाणीच होणारा वायू) काढणार आहेत. त्याचा द्रव करायला उणे दोनशे त्रेपन्न अंश लागतात. ही टाकी त्याला चालणार नाही, नवी जहाजं लागतील. ती इथे भरतील आणि तिकडे रिकामी होतील. मी त्यांचं शिक्षण घ्यायला लागलेय."

"म्हणजे तेव्हा तळाशी थोडं ठेवून तू..."

"परत येणार ती इकडे."

"नक्की?"

"अवघड आहे गं. पण अभ्यास चाललाय."

भोंगा वाजला. शलाका जागची हलली नाही. मग मुक्तानेच खुर्चीवरचं हेल्मेट उचललं आणि आईच्या हातात दिलं.

"जा आता. उशीर झाला तर टाकी तापेल."

आईची बाही मात्र तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली होती.